अठरा मिलिव्होल्टांचा हिशेब

मॉड्युलर सिंथेसायझर जमवणारा माणूस ऑसिलेटरबद्दल वाचतो, फिल्टरवरून तावातावाने वाद घालतो, परदेशातून येणाऱ्या पार्सलवर कस्टम किती बसेल याचं गणित मांडतो. वीज कुठून येणार आणि रॅकच्या कोपऱ्यातल्या शेवटच्या मॉड्यूलपर्यंत ती कशी पोचणार, हा प्रश्न त्याच्या यादीत अगदी तळाशी असतो. तो वर येतो पन्नासावं मॉड्यूल बसवल्यावर, कारण तोवर पहिल्या दहांचे सूर हलू लागलेले असतात. मग ऑसिलेटर वाईट निघाला म्हणून विकला जातो. दोष ऑसिलेटरचा क्वचितच असतो. बहुतेक वेळा तांबं कमी पडलेलं असतं.

ज्यांना हे वाद्य ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्वर निर्माण करणारं, तो गाळणारं, त्याची पट्टी हलवणारं, ताल मोजणारं अशी एकेक काम करणारी यंत्रं एका चौकटीत शेजारीशेजारी बसवतात आणि पुढच्या बाजूने छोट्या पॅच वायरींनी हवी तशी जोडतात. आज सगळ्यात जास्त चालणारा साचा युरोरॅकचा. जर्मनीतल्या डीटर डोएप्फर यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यावर ए-१०० ही मालिका काढली, तिची मापं इतरांनी उचलली आणि साचा रूढ झाला. मॉड्यूलची उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदीचं एकक, एचपी, ५.०८ मिलिमीटर, मागच्या बाजूला +१२ आणि −१२ व्होल्ट, शिवाय गरजेप्रमाणे +५ (यांतल्या प्रत्येक पुरवठ्याला रेल म्हणतात). स्वराची उंची व्होल्टेजने ठरते: एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर. म्हणजे अर्ध्या स्वराला ८३.३ मिलिव्होल्ट, आणि अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्या एका भागाला, सेंटला, ०.८३ मिलिव्होल्ट. पुढचं बरंचसं गणित या शेवटच्या आकड्याभोवती फिरतं.

भारतात मोठं मॉड्युलर आलं ते अहमदाबादला. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर उभा केला. गीता साराभाईंचा यात पुढाकार होता. याच गीताबेननी १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केजला भारतीय संगीत शिकवलं होतं. गीताबेन, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी पुढची तीनेक वर्षं अहमदाबादच्या त्या मूगवर काम केलं. त्यांच्या रचनांच्या ध्वनिफिती पॉल पर्गस यांनी शोधून काढल्या आणि २०२३ साली त्यांतल्या निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. तो मूग एका संस्थेत होता आणि एका कंपनीने आखलेला होता, त्यामुळे कुठल्या भागाला किती वीज हे कारखान्यातच ठरलेलं. दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या एनसीआरपुरतं बोलायचं तर आजचा मोठा रॅक नोएडा, गुरुग्राम किंवा मयूर विहारच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत, वीस कंपन्यांची मॉड्यूल एकत्र करून, हप्त्याहप्त्याने उभा राहतो. तो कोणी आखलेला नसतो. म्हणून आखणी मालकालाच करावी लागते.

सुरुवात बेरजेने. समजा चार रांगा आहेत, प्रत्येकी १६८ एचपीच्या, आणि साठ-पासष्ट मॉड्यूल. प्रत्येक कंपनी आपलं मॉड्यूल कुठल्या रेलवर किती मिलिअँपिअर ओढतं ते छापते. त्यांची बेरीज +१२ वर तीन अँपिअर आणि −१२ वर दोनपर्यंत सहज जाते. वॉटमध्ये मांडलं तर सगळे मिळून साठ वॉट, पॉवर सप्लायमधलं नुकसान धरून पंचाहत्तर. म्हणजे एका जुन्या सीलिंग फॅनइतकी वीज. मीटरला याची दखलही नसते. अडचण वॉटची नाही, बारा व्होल्टवर वाहणाऱ्या अँपिअरांची आहे. बेरजेवर तीस टक्के वाढवून सप्लाय घ्यावा, असं मी म्हणेन. डिजिटल मॉड्यूल चालू होताना क्षणभर छापील आकड्याच्या दुप्पटही ओढतात आणि सगळी एकदम जागी झाली की नाजूक सप्लाय हात वर करतो: चालू, बंद, चालू, बंद. घरी रॅक बांधणारे अनेक जण औद्योगिक तीन-रेलवाला सप्लाय घेतात, कारण तो स्वस्त आणि भरवशाचा असतो. पण त्यातल्या छोट्या सप्लायांत −१२ ला जेमतेम अर्धा अँपिअर असतो. तो संगीतासाठी बनलेलाच नसतो.

बेरीज जमली की लोक सुटकेचा नि:श्वास टाकतात. खरी गंमत त्यापुढे आहे आणि ती शून्य व्होल्टच्या तारेत आहे.

मेक नॉइज कंपनीचं मॅथ्स हे ॲनालॉग मॉड्यूल +१२ वरून ६० मिलिअँपिअर घेतं आणि −१२ वर ५०. जे +१२ मधून आलं त्यातलं बहुतेक −१२ कडे निघून जातं. ग्राउंडच्या तारेतून परततात फक्त १०. आता एमिली जिले यांच्या म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सचं रिंग्ज घ्या. ते डिजिटल आहे: +१२ वर १२०, −१२ वर ५. फरक ११५, आणि तो सगळा ग्राउंडमधून घरी जातो. म्युटेबल २०२२ साली बंद झाली, पण तिचे आराखडे खुले असल्याने या मॉड्यूलांच्या नकला जगभर आणि आपल्याकडेही बनतात, त्यामुळे हे उदाहरण जवळजवळ प्रत्येक रॅकमध्ये सापडेल. अशी चार-पाच डिजिटल मॉड्यूल एका रांगेच्या टोकाला बसली की त्या रांगेच्या ग्राउंडमध्ये अर्धा अँपिअर वाहतो.

ती रांग सोळा तारांच्या चपट्या रिबन केबलने जोडलेली असेल तर? या केबलमधली एक तार मीटरला सुमारे ०.२१ ओहमची. ग्राउंडसाठी सोळांपैकी सहा तारा आहेत, म्हणजे मिळून ०.०३५ ओहम. त्यातून अर्धा अँपिअर मीटरभर गेला की या टोकाच्या शून्यात आणि त्या टोकाच्या शून्यात साधारण अठरा मिलिव्होल्टचा फरक पडतो. स्वरात मोजलं तर बावीस सेंटच्या आसपास.

बावीस सेंट हा आकडा संगीताच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल. भरताच्या ग्रामविचारातली प्रमाणश्रुती, ८१:८० या गुणोत्तराची, नेमकी एवढीच असते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम घडवली. एवढा खटाटोप ज्या अंतरासाठी झाला, ते अंतर इथे एका स्वस्त केबलमध्ये गडप होतं. पाश्चात्त्य धाटणीच्या टेक्नोत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. तानपुऱ्यावर किंवा स्थिर षड्जावर काम करणाऱ्याच्या कानाला दहा सेंटही टोचतात. म्हणून भारतीय स्वरांसाठी मॉड्युलर वापरायचं असेल तर वीजवाटपाचा दर्जा युरोपीय वापरापेक्षा कडक हवा, असं माझं मत आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो अर्धा बरोबर आहे. फरक जर स्थिर असेल तर ऑसिलेटरचा नॉब किंचित फिरवला की भागतं. खरंय. पण डिजिटल मॉड्यूल स्थिर ओढत नाहीत. सिक्वेन्सरचे दिवे लुकलुकतात, ठोक्यागणिक प्रोसेसरचा भार बदलतो, आणि ग्राउंड त्या ठेक्यावर हिंदकळतं. ज्याला लोक 'क्लॉक ब्लीड' म्हणतात, म्हणजे शांत जागी मागे टिकटिक ऐकू येणं, ते पुष्कळदा पुढच्या पॅच वायरींमधून येत नाही. ते या मागच्या दाराने येतं. हलणारी चूक नॉबने जात नाही.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावेत. पहिला मांडणीचा: जास्त ओढणारी डिजिटल मॉड्यूल सप्लायच्या जवळ, आणि स्वराचं व्होल्टेज देणारा स्रोत व ते घेणारे ऑसिलेटर एकाच रांगेत शेजारीशेजारी. शून्य हललं तरी दोघांचं मिळून हलतं, मग ऐकू येत नाही. यात पैसा लागत नाही. फक्त समोरून दिसणारी शोभा थोडी बाजूला ठेवावी लागते आणि तिथेच बहुतेकांचं अडतं.

दुसरा उपाय तांब्याचा. रिबनऐवजी बसबोर्ड, म्हणजे वीज वाटणारा तांब्याच्या पट्ट्यांचा बोर्ड, घ्या, हा सल्ला सर्रास मिळतो, पण तो आंधळेपणाने घेण्यासारखा नाही. साध्या सर्किट बोर्डावर तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा असतो. त्यावर दहा मिलिमीटर रुंदीचा पट्टा मीटरभर काढला तर त्याचा रोध भरतो ०.०४९ ओहम, म्हणजे रिबनच्या सहा तारांपेक्षा जास्त! बोर्ड चांगला आहे की नाही हे त्यावरच्या तांब्याची जाडी नि रुंदी ठरवते, रंग किंवा किंमत नाही. घरच्या वायरिंगची अडीच चौरस मिलिमीटरची तार मीटरला आठ मिलिओहमची. ती बोर्डाच्या दोन्ही टोकांना समांतर जोडली तर हाच फरक चार मिलिव्होल्टांच्या आत येतो. स्विचबोर्ड बनवणारे वापरतात ती दहा बाय तीनची तांब्याची पट्टी घेतली तर प्रश्नच संपतो: अर्ध्या अँपिअरला मीटरभरात ०.३ मिलिव्होल्ट. दिल्लीकरांना यासाठी फार हिंडावं लागत नाही. चांदणी चौकातलं भगीरथ पॅलेस हे विजेच्या सामानाच्या देशातल्या सर्वांत मोठ्या घाऊक बाजारांपैकी एक, आणि लाल किल्ल्यासमोरच्या लजपत राय मार्केटात कनेक्टर, फ्यूज, कपॅसिटर असे सुटे भाग मिळतात. २०२२च्या एकाच वर्षात या दोन्ही बाजारांत मोठ्या आगी लागल्या, जानेवारीत लजपत राय आणि नोव्हेंबरमध्ये भगीरथ पॅलेस. दोन्ही बाजार पुन्हा उभे आहेत. तिथे गेल्यावर पट्टी घ्याच, पण फ्यूजसाठीही पैसे ठेवा. तीन-पाच अँपिअर देणारा सप्लाय शॉर्ट झालेल्या रिबनला लाल करू शकतो. म्हणून प्रत्येक रांगेला स्वतंत्र फ्यूज असावा.

सप्लाय कुठल्या जातीचा असावा, हा या विषयातला सर्वांत जुना वाद. लिनिअरवाले म्हणतात, ट्रान्सफॉर्मर आणि रेग्युलेटर यांच्याइतकी स्वच्छ वीज दुसरी नाही. स्विचिंगवाले म्हणतात, वजन पाहा, उष्णता पाहा, किंमत पाहा. युरोपात दोन्ही बाजूंना वजन आहे. दिल्लीत मात्र तराजू एका बाजूला झुकतो आणि त्याचं कारण भिंतीतल्या सॉकेटमध्ये आहे.

२००२ साली दिल्ली विद्युत बोर्डाचं विभाजन होऊन वितरण खासगी कंपन्यांकडे गेलं, आणि तेव्हापासून शहरातली वीज पुष्कळ सुधारली, हे मान्य करायला हवं. तरी मे-जूनच्या दुपारी, गल्लीतला प्रत्येक एसी चालू असताना, जुन्या वस्त्यांत २३० चे १९० होतात. लिनिअर सप्लायमध्ये रेग्युलेटरच्या आधीचा दाब याच प्रमाणात उतरतो: अठरा व्होल्ट असतील तर पंधराच्या खाली. त्यातून रिपलची, म्हणजे दाबावर उरलेल्या लहरीची, खोली वजा केली की रेग्युलेटरला बारा व्होल्ट टिकवायला लागणारी दोन-तीन व्होल्टची जागाच उरत नाही, आणि घरघर थेट आवाजात येते. स्विचिंग सप्लाय १०० ते २४० व्होल्ट काहीही खाऊन तेच बारा देतो. उष्णतेचंही तसंच. लिनिअरमध्ये तीन अँपिअर गुणिले चार-पाच व्होल्ट म्हणजे एका रेलवर बारा-पंधरा वॉट नुसती आच. बाहेर ४५ अंश, खोलीत दार लावून एसी बंद, कारण रेकॉर्डिंग चालू आहे. अशा वेळी केसच्या, म्हणजे रॅकच्या पेटीच्या, आत काय होत असेल याची कल्पना करा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांमागे साधारण निम्मं होतं. म्हणून इथल्यासाठी माझा कौल स्पष्ट आहे: केसच्या बाहेर चांगला स्विचिंग सप्लाय, आत त्याच्या मागे फिल्टर, आणि जमल्यास शेवटचा टप्पा छोट्या लिनिअर रेग्युलेटरचा. दोन वेगळे स्विचिंग सप्लाय एकाच केसमध्ये ठेवले तर त्यांच्या वारंवारतांच्या फरकाची शिट्टी ऐकू येऊ शकते, एवढं भान ठेवावं.

स्विचिंग सप्लायची एक अट आहे: अर्थिंग. त्याच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोघांपासून केसच्या पत्र्याकडे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि अर्ध्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगतो. प्रवाह अगदी बारीक असतो, जीव जात नाही, पण पॅनेलवरून बोटाची मागची बाजू फिरवली की झिणझिण्या येतात आणि आवाजात घरघर येते. दिल्लीतल्या जुन्या घरांत तीन भोकांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकामागे तार नसते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. त्याहून वाईट म्हणजे घाईतल्या इलेक्ट्रिशियनने तिसरं भोक न्यूट्रललाच बांधलेलं असतं. त्या घराचा न्यूट्रल कुठेतरी तुटला की पॅनेल थेट फेजवर. मल्टिमीटरने फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ मोजा. पहिल्या दोन ठिकाणी जवळजवळ सारखा आकडा आणि तिसऱ्या ठिकाणी दोन-तीन व्होल्ट दिसले तर ठीक. तिसऱ्या ठिकाणी घरात भार चालू असतानाही अगदी नेमकं शून्य दिसलं तर खूश होऊ नका, संशय घ्या. गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि दाब वाढल्यास तोडणारं यंत्र हे दोन खर्च कुठल्याही मॉड्यूलच्या आधीचे.

घरघर हा शब्द मी सैल वापरतो आहे, पण तिचीही पट्टी आहे. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे पांढरी पाचच्या किंचित वर, मंद्राच्याही खाली. अमेरिकेत ६० असल्याने तिथली घरघर काळी पाच आणि तिच्या पुढच्या पांढरीच्या मध्ये लोंबकळते. पांढरी पाचला षड्ज धरून वाजवणाऱ्याला इथली घरघर जवळजवळ सुरात लागते आणि म्हणूनच ती उशिरा लक्षात येते.

मग इन्व्हर्टर. एनसीआर हे इन्व्हर्टरचं माहेरघर. ल्युमिनससारख्या कंपन्यांची मुख्यालयं गुरुग्रामलाच. स्वस्त इन्व्हर्टरची लाट चौकोनी असते आणि तिच्यातले वरचे स्वर पंख्याला, ट्यूबला आणि ट्रान्सफॉर्मरला गुणगुणायला लावतात. साइन वेव्हचाच घ्यावा, यात दुमत नाही. गुरुग्राम-नोएडाच्या उंच सोसायट्यांत प्रकार निराळा: वीज गेली की काही सेकंदांत जनरेटर लागतो, मीटरही दोन दरांनी फिरतो. हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने १ ऑक्टोबर २०२३ पासून एनसीआरमधल्या डिझेल जनरेटरांवर कडक अटी लावल्या, त्यामुळे ती सोयही पूर्वीइतकी गृहीत धरता येत नाही. त्या काही सेकंदांच्या खंडात ॲनालॉग मॉड्यूलचं काहीच बिघडत नाही. डिजिटल सिक्वेन्सर मात्र पहिल्या पायरीवर परत जातात आणि स्पीकर चालू राहिले तर धाडकन आवाज येतो. ऑनलाइन यूपीएस हे यावरचं खरं उत्तर, फक्त त्याचा पंखा रेकॉर्डिंगच्या खोलीबाहेर ठेवावा लागतो.

आता पुढची बाजू: सिग्नलचं वाटप. इथे लोक काळजी चुकीच्या गोष्टीची करतात. लांब पॅच वायरने स्वराची झळाळी जाते, असं सांगितलं जातं. मॉड्यूलच्या आउटपुटला साधारण एक किलोओहमचा रोध असतो आणि वायरची धारिता मीटरला शंभर पिकोफॅरड धरली तर पाच मीटरच्या वायरीनेही कपात सुरू होते ती तीन लाख हर्ट्झच्या पुढे. वटवाघळालाही फरक कळणार नाही.

काळजी करायची ती एका सिग्नलच्या अनेक वाटा करताना. कीबोर्डचं स्वर-व्होल्टेज तीन ऑसिलेटरना द्यायचं तर सोपा मार्ग साध्या मल्टिपलचा: एकमेकींना जोडलेल्या चार सॉकेटांची डबी, आत काही नाही. आउटपुटला एक किलोओहम, प्रत्येक इनपुटला शंभर किलोओहम. पहिला ऑसिलेटर लावला की व्होल्टेज एक टक्का उतरतं, दुसरा लावला की दोन, तिसऱ्याला जवळजवळ तीन. एक टक्का म्हणजे प्रत्येक सप्तकामागे बारा सेंट. पाचव्या सप्तकात दुसरा ऑसिलेटर जोडताच पहिला अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून जास्त उतरतो, आणि मध्येच वायर काढली की वर उडी मारतो. नॉबने हे सुधारत नाही, कारण चूक एका स्वराची नसून सगळ्या मापाची आहे. बफर असलेला मल्टिपल प्रत्येक वाटेला स्वतंत्र ऑप-अँप देतो आणि हा प्रश्न सोडवतो. पण स्वस्त बफरमधला साधा ऑप-अँप स्वतःचे दोन-तीन मिलिव्होल्ट मिसळतो. ते स्थिर असतात, म्हणून माफ. काही आधुनिक स्रोतांच्या आउटपुटचा रोध ऑप-अँपच्या फीडबॅकच्या आत धरलेला असतो. त्यांना साधा मल्टिपल चालतो. कागदपत्रात पाहावं, किंवा पाचव्या सप्तकाचा स्वर लावून दुसरी वायर खुपसावी आणि ऐकावं. बाकी क्लॉक, गेट, मंद लहरी, आवाज यांना साधी डबी पुरते. सगळीकडे बफर लावणं म्हणजे सप्लायवर उगाच भार.

डोएप्फर यांनी स्वर आणि गेट मागच्या बसमधूनच वाटण्याची सोयही ठेवली आहे: सोळा पिनांपैकी शेवटच्या चार त्यासाठी. कल्पना सुंदर, वापर कमी. एका बसवर चुकून दोन स्रोत लागले की दोघे एकमेकांशी भांडतात, आणि पुढून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. मला मोठ्या रॅकमध्ये प्रत्येक रांगेच्या टोकाला एक मल्टिपल बसवून त्या आतून कायमच्या जोडणं जास्त पटतं. वरच्या रांगेतलं क्लॉक खालच्या रांगेत हातभर वायरीने मिळतं आणि समोरचं जंगल निम्मं होतं. इंग्लंडच्या ईएमएस कंपनीने या जंगलावर पिनांच्या जाळीचा उपाय काढला होता. तिच्या सिंथी १०० या वाद्यात साठ बाय साठच्या दोन जाळ्या होत्या. बुक्ला आणि सर्ज या मॉड्युलर बनवणाऱ्यांनी नियंत्रणासाठी एकतारी बनाना वायर वापरली, एकीवर दुसरी चढते, मल्टिपल लागतच नाही. तिथे ग्राउंड मात्र वायरीतून जात नाही, म्हणून दोन पेट्यांमध्ये ते वेगळं जोडावंच लागतं.

युरोरॅकमध्ये याच्या उलट त्रास होतो. दोन केस, दोन सप्लाय, आणि त्यांच्यामध्ये ग्राउंडचा एकमेव रस्ता म्हणजे पॅच वायरींची बाहेरची बाजू. वायर काढली-घातली की रस्ता बदलतो आणि स्वर सरकतो. दोन्ही सप्लायचे शून्य जाड तारेने एकमेकांना बांधावेत, +१२ मात्र कधीही समांतर जोडू नयेत. सगळे प्लग एकाच पट्टीत, एकाच सॉकेटमध्ये. लॅपटॉप यूएसबीने जोडला की त्याच्या चार्जरमार्फत तिसरा ग्राउंड-रस्ता उघडतो आणि किरकिर येते. चार्जर उपसून पाहिलं की निदान होतं, यूएसबी आयसोलेटर लावला की इलाज. पाच पिनांच्या मिडीला हा रोग नाही, कारण १९८३च्या त्या मानकाने इनपुटला ऑप्टो-आयसोलेटर घालून ठेवला आहे. चाळीस वर्षं जुनी ती जोडणी दिल्लीच्या सॉकेटांसाठी आजही सगळ्यात सुरक्षित.

साच्याची स्वतःची एक खोट सांगायलाच हवी. रिबन उलटी बसू शकते. दहा पिनांची उलटली तर +१२ आणि −१२ ची अदलाबदल होते. मॉड्यूलमध्ये डायोड असेल तर ते वाचतं. सोळा पिनांची उलटली तर मॉड्यूलच्या ग्राउंडमार्फत बसवरचे +१२ आणि +५ एकमेकांना भिडतात आणि त्या बसवर +५ वापरणारं प्रत्येक मॉड्यूल बारा व्होल्ट खातं. एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्यांना. लाल तार −१२ कडे, हा नियम सगळे सांगतात. पण काही मॉड्यूलांच्या बोर्डावर खूणच नसते. रांगवार फ्यूज आणि रांगवार +५ वेगळा ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

शेवटी एक मार्ग, जो एनसीआरमध्ये फार कमी जण वापरून पाहतात. घरच्या इन्व्हर्टरमध्ये बारा व्होल्टची बॅटरी असते. तिचे २३० व्होल्ट करायचे आणि मॉड्युलरच्या सप्लायने त्यांचे परत बारा करायचे, हा द्राविडी प्राणायाम टाळता येतो. स्वतंत्र दीडशे अँपिअर-तासाची बॅटरी घेतली आणि त्यावर डीसी-डीसी कन्व्हर्टर लावला, तर साठ वॉटचा रॅक तिला सहा अँपिअर ओढेल. बॅटरी निम्म्यापर्यंतच उतरवायची म्हटली तरी दहा-बारा तास मिळतात. न्यूट्रल नाही, अर्थिंगचा झगडा नाही, शेजारच्या एसीचा धक्का नाही. बॅटरीचा दाब साडेदहापासून साडेचौदापर्यंत हलतो, तेव्हा तेवढा पल्ला झेलणारा कन्व्हर्टर हवा आणि बॅटरीच्या टर्मिनलपाशीच फ्यूज हवा. घरच्या इन्व्हर्टरच्याच बॅटरीला रॅक जोडू नये, कारण काही इन्व्हर्टरांत बॅटरीची बाजू मेन्सपासून पूर्ण अलग नसते. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना वायू सोडते, तिची जागा बाल्कनीत. आणि रेकॉर्डिंग चालू असताना चार्जर काढून ठेवायचा.